गायतोंडे चित्र कसं घडवायचे? अमूर्त चित्राच्या रचनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमूर्त चित्रांसमोर उभं राहिलं की लोक जे प्रश्न विचारतात, ते साधारण ठरलेले असतात. उत्तरं मात्र बहुतेकदा इतकी धूसर असतात की विचारणारा गप्प होतो, त्याचं समाधान होत नाही. इथे वासुदेव संतू गायतोंडे यांचीच चित्रं समोर ठेवून उत्तरं दिली आहेत. ‘अमूर्त चित्रकार’ नावाचा कुणी सरसकट माणूस नसतो; प्रत्येकाची रीत निराळी. गायतोंड्यांची रीत त्यांच्या चित्रांच्या पृष्ठभागावर वाचता येते, म्हणून ते.

गायतोंडे कोण, ते आधी थोडक्यात सांगाल का?

जन्म नागपूरचा, २ नोव्हेंबर १९२४. घराणं गोव्याचं, वाढ गोव्यात आणि मुंबईत, गिरगावात. १९४८ साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईच्या आधुनिक चित्रकारांच्या गटाशी काही काळ संबंध. १९५७ साली टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पारितोषिक, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ मध्ये पद्मश्री, १९७२ पासून मुक्काम दिल्लीत. १० ऑगस्ट २००१ रोजी निधन. माणूस अतिशय एकलकोंडा. समारंभ, भाषणं, गट-तट यांपासून लांब राहिलेला. त्यामुळे त्यांच्याभोवती दंतकथा भरपूर जमल्या आणि चित्रांकडे बघण्याआधी लोक त्या दंतकथांकडेच बघू लागले.

चित्र कुठून सुरू व्हायचं? आधी कच्चं रेखाटन करायचे का?

आधी आखणी करायची आणि मग ती रंगाने भरत जायची, अशी ही चित्रं वाटत नाहीत. त्यांच्या मुलाखतींतून आणि ओळखीच्यांच्या आठवणींतून एक गोष्ट सारखी येते: कामाचा मोठा हिस्सा नुसता बसून बघण्याचा होता. कोऱ्या कॅनव्हासकडे बघायचं, अर्ध्या झालेल्या चित्राकडे बघायचं. हात चालायचा तो त्यानंतर.

हे ऐकलं की लोक लगेच ‘ध्यान’ म्हणतात. असेलही. पण मला त्यात कारागिराची सावधगिरी जास्त दिसते. तैलरंगाचा पातळ, पारदर्शक थर एकदा बसला की तो सहज बदलता येत नाही. वरून जाड रंग लावून चूक झाकायची सोय ज्या पद्धतीत आहे, ती त्यांची पद्धत नव्हती. अशा वेळी पुढचा थर कुठे द्यायचा हे ठरवायला आठवडा लागला, तर त्याला गूढ म्हणायचं काही कारण नाही.

सुरुवातीला तेही माणसं रंगवायचे ना? मग ती माणसं गेली कुठे?

हो, १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९५० च्या सुरुवातीला त्यांच्या चित्रांत माणसं आहेत, आणि फार सुंदर आहेत. त्या काळात जे.जे.त अहिवासी मास्तर भारतीय शैलीचे वर्ग घेत. लघुचित्रांची परंपरा तिथे जिवंत होती. गायतोंड्यांच्या सुरुवातीच्या कामात बसोली या पहाडी लघुचित्रशैलीची सपाट, धीट रंगक्षेत्रं दिसतात. भडक पिवळ्यावर लाल, लालाला लागून हिरवा, आणि त्यात बसवलेल्या आकृती.

पुढची पायरी फार महत्त्वाची आहे. लघुचित्रांचा अभ्यास करताना आपण आकृती काढून टाकून फक्त रंगांची परस्परांशी असलेली प्रमाणं बघू लागलो, असं त्यांनी नंतर सांगितलं होतं. बसोलीचं एखादं चित्र घ्या आणि मनातल्या मनात नायिका, झाड, महाल पुसून टाका. उरतं काय? वरच्या बाजूला आकाशाची अरुंद पट्टी, मधोमध मोठं सपाट क्षेत्र, खाली जमिनीचा पट्टा, आणि या तिघांत ठरलेलं एक माप. गोष्ट गेली तरी चित्र पडत नाही. चित्र ज्यावर उभं होतं ते गोष्टीच्या खालचंच काहीतरी होतं. रचना म्हणजे हे, असं मला वाटतं, आणि गायतोंड्यांना ते तिशीच्या आत समजलं.

याच सुमारास पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचं काम त्यांच्या नजरेत भरलं. क्लेची रेषा वस्तूची हद्द सांगत बसत नाही, ती स्वतःच फिरायला निघते. गायतोंड्यांच्या त्या काळातल्या चित्रांत माणसाची बाह्यरेषा हळूहळू सैल होत जाते, मग नुसती खूण उरते, मग तीही जाते. १९५० चं दशक संपेपर्यंत आकृती संपली होती. एका रात्रीत झालेला साक्षात्कार वगैरे नाही. दहा-बारा वर्षांची सलग वजाबाकी आहे.

यामुळेच ‘अमूर्त’ हा शिक्का त्यांना फारसा पसंत नव्हता. कुठलंतरी दृश्य घेऊन ते सोपं करत नेलं, असं त्यांच्या परिपक्व चित्रांत घडतच नाही. तिथे मुळात दृश्य नसतं.

ते ब्रशऐवजी रोलर वापरायचे, हे खरं का? नेमकं करायचे काय?

खरं आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग लावायची-खरवडायची बोथट सुरी) ही त्यांची मुख्य हत्यारं झाली. ब्रशचा फटकारा म्हणजे चित्रकाराची सही असते: हात कुठून कुठे गेला, किती जोरात गेला, सगळं त्यात उमटतं. रोलर ही ओळख पुसतो. रंग पसरतो, पण कुणी पसरवला हे दिसत नाही.

पातळ केलेला तैलरंग पांढऱ्या पृष्ठभागावर रोलरने पसरवला की पारदर्शक पापुद्रा तयार होतो. त्यावर दुसरा, तिसरा. बाहेरचा प्रकाश या थरांतून आत जातो, तळाच्या पांढऱ्यावर आपटतो आणि पुन्हा थरांतूनच रंगून बाहेर येतो. ‘गायतोंड्यांची चित्रं आतून उजळतात’ असं जे म्हणतात, त्यामागे हे साधं प्रकाशशास्त्र आहे. जाड, अपारदर्शक रंगावरून प्रकाश वरच्यावर परततो, म्हणून तसं चित्र छापील पानावरही बऱ्यापैकी कळतं. गायतोंड्यांचं चित्र मोबाइलच्या पडद्यावर मात्र बहुतेक मरतंच. तपकिरी डाग दिसतो आणि लोक विचारतात, यात एवढं काय?

रंग ओला असतानाच पॅलेट नाइफ फिरवून तो काही ठिकाणी खरवडायचा. खरवडलं की खालचा थर उघडा पडतो, आणि खरवडलेला रंग बाजूला सरकून तिथे छोटा उंचवटा होतो. एकाच हालचालीत उजेड आणि काळोख दोन्ही मिळतात.

तिसरी युक्ती कागदाची. वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवायचे, दाबायचे आणि उचलायचे. कागदाबरोबर थोडा रंग निघून येतो, थोडा राहतो. फाटलेल्या कागदाची कड ही हाताने काढलेल्या रेषेपेक्षा वेगळी असते: तुटक, कातरलेली, कुठे ठळक, कुठे जवळजवळ नाहीशी. त्यांच्या चित्रांत प्राचीन लिपीतल्या अक्षरांसारखे जे आकार तरंगताना दिसतात, त्यांतले कितीतरी या रीतीने आलेले आहेत. लोक त्यात ब्राह्मी शोधतात, मोडी शोधतात. तिथे वाचण्यासारखं अक्षर नाही. कागद उचलल्याची खूण आहे, आणि ती कुठे ठेवायची याचा विचार आहे.

आता वाट बघण्याचा मुद्दा पुन्हा घेऊ. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होतं. पातळ थरालाही काही दिवस लागतात, जाडाला कितीतरी जास्त. खालचा थर पुरेसा बसायच्या आत वर दुसरा दिला तर दोन्ही एकमेकांत कालवले जातात आणि पारदर्शकता गढूळ होते. म्हणजे ज्याला आपण त्यांचं मौन म्हणतो, त्यातला बराच भाग हा रंग वाळण्याचा वेळ होता. आध्यात्मिक अर्थ काढणाऱ्यांना हे रुक्ष वाटेल. मला उलट यातच त्यांचा मोठेपणा दिसतो: स्वभावाला मानवेल असंच माध्यम त्यांनी धरलं आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

म्हणजे बरंचसं आपोआप, अपघाताने घडतं?

कागद उचलल्यावर नेमका किती रंग निघेल हे कुणालाच सांगता येत नाही, तेवढा अपघात आहे. पण कागद कुठे ठेवायचा, उचलल्यावर उरलेलं ठेवायचं की पुन्हा रोलर फिरवून बुडवायचं, हा निर्णय आहे. पूर्ण झालेल्या चित्रात आपल्याला फक्त टिकलेले अपघात दिसतात. पुसलेले किती असतील याचा अंदाज खालच्या थरांत डोकावणाऱ्या पुसट खुणांवरून येतो.

‘रचना’ म्हणजे नेमकं काय बघायचं? आकृतीच नाही, तर रचना कशाची?

वजनाची आणि अंतराची.

एक करून बघा. त्यांच्या १९७० च्या दशकातल्या एखाद्या उभ्या कॅनव्हाससमोर उभे राहा आणि डोळे किंचित मिटा. बारीकसारीक खुणा जातील आणि दोन-तीन गडद पुंजके उरतील. ते कुठे आहेत बघा. पुष्कळदा ते साधारण मधल्या पट्ट्यात, पण अगदी बरोबर मध्यावर नाहीत असे असतात. वरचा पुंजका हलका, खालचा थोडा पसरट, असं काहीतरी नातं असतं. आता बोट आडवं धरून त्यातला एक झाका. बाकीचं चित्र एका बाजूला कलल्यासारखं वाटलं, तर तो पुंजका तिथे का आहे याचं उत्तर मिळालं.

मग कडांकडे जा. बरेच चित्रकार कडा दुर्लक्षित सोडतात किंवा चौकटीसारख्या गडद करतात. गायतोंड्यांकडे रंग कडेपर्यंत जाताना विरळ होतो, पण थांबत नाही. त्यामुळे कॅनव्हास संपला तरी क्षेत्र पुढे चालू असल्याचा भास राहतो. आकार तरंगताना वाटतात ते यामुळे. त्यांना टेकायला जमीन नाही आणि आवळायला चौकट नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे दोन खुणांमधली मोकळी जागा. ती रिकामी नसते. सगळ्यात जास्त थर कदाचित तिथेच असतात. बघणारे खुणा मोजतात. चित्रकाराने मात्र जास्त वेळ त्या मधल्या जागेवर घालवलेला असतो, असं मला तरी चित्रं जवळून बघून वाटतं.

आणि एकच एक केंद्रबिंदू शोधू नका. शाळेत शिकवतात तसा ‘मुख्य विषय’ इथे नसतो. नजर एका पुंजक्यावर थांबते, कंटाळते, दुसऱ्याकडे घसरते आणि परत येते. हा फेरा किती वेळ चालू राहतो यावर चित्राची ताकद ठरते.

त्यांची आधीची चित्रं आडवी आहेत, नंतरची उभी. याला काही अर्थ आहे का?

मोठा अर्थ आहे. आडव्या चित्रात कुठेही एक आडवा पट्टा आला की डोळा त्याला क्षितिज मानतो. १९६० च्या आसपासच्या त्यांच्या चित्रांत लोकांना समुद्र दिसायचा, धुकं दिसायचं. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता आणि समुद्र शेजारीच, त्यामुळे हा अर्थ आणखी चिकटला. (काय जागा असेल ती! एकाच आवारात रविशंकरांची ‘किन्नर’ ही संगीतशाळा, अल्काझींची नाट्यसंस्था, चित्रकार हुसेन आणि नसरीन मोहमदी. पुढे ती इमारतच पाडली गेली.)

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कॅनव्हास उभा झाला. साठ-सत्तर इंच उंच, चाळीसेक इंच रुंद, म्हणजे साधारण उभ्या माणसाएवढा. त्या आकारात क्षितिज बसत नाही. समोर निसर्गदृश्य आहे असं न वाटता कुणीतरी उभं आहे असं वाटतं. ‘हा समुद्र का?’ हा प्रश्न त्यांनी कॅनव्हास फिरवून मिटवला, असं म्हणायला हरकत नाही.

एका चित्रात एकाच रंगाचं कुटुंब का असतं?

कारण रंग भांडू लागले की वजनाकडे लक्ष जात नाही. लालाशेजारी निळा ठेवला की तो विरोधच चित्राचा विषय होतो. सगळं चित्र गेरूच्या, करड्या किंवा शेवाळी हिरव्याच्या छटांत ठेवलं की फरक उरतो तो फिकट-गडदाचा आणि पोताचा. बसोलीच्या भडक रंगांपासून सुरुवात केलेल्या माणसाने इथवर यावं हे मजेशीर आहे.

न्यूयॉर्कला जाऊन मार्क रॉथको या अमेरिकन अमूर्त चित्रकाराची नक्कल केली, असं काही जण म्हणतात.

तारखा बघा. शिष्यवृत्ती १९६४ ची. रोलर, पारदर्शक थर, आकृतीचा पूर्ण लोप, हे सगळं त्याआधीच्या चित्रांत आहे. अमेरिकेत समविचारी काम बघून बळ मिळालं असेल, ते मान्य. पण रॉथकोचे रंगीत आयत आणि गायतोंड्यांचे फाटक्या कडांचे तरंगते तुकडे यांची रचनाच वेगळी आहे. रॉथकोकडे दोन-तीन मोठी क्षेत्रं एकमेकांवर रचलेली असतात. इथे एकाच क्षेत्रात खुणा विखुरलेल्या असतात.

झेन, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज... हे वाचल्याशिवाय चित्रं कळणार नाहीत का?

कळतील. त्यांना या सगळ्याची खरी ओढ होती, जे. कृष्णमूर्तींचीही. त्यांच्या जगण्यात ती दिसते: मोजकं सामान, मोजकी माणसं. पण चित्राला अध्यात्माचं चित्रण समजणं मला घातक वाटतं. तसं केलं की प्रत्येक गडद पुंजका ‘शून्य’ होतो, प्रत्येक उजेड ‘आत्मा’ होतो आणि बघणं थांबतं. झेनमधून त्यांनी काही उचललं असेल तर ती कामाची शिस्त: तयारी पूर्ण होईपर्यंत हात न उचलण्याची.

वर्षाला पाच-सहाच चित्रं? मग उरलेला वेळ?

वर आलं ते सगळं: बघणं, वाळू देणं, वाचणं, संगीत ऐकणं. त्यांचं उत्पादन कमी होतं हे खरं. ज्यांना रोज काहीतरी ‘पोस्ट’ करावं लागतं, त्यांना हे चैनीचं वाटेल. पण त्यांनी त्याची किंमतही मोजली. निजामुद्दीनच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या छोट्याशा घरात, वर्षानुवर्षं राहिले.

१९८४ च्या अपघाताने काम थांबलं होतं ना?

दिल्लीतल्या रस्ता-अपघातात त्यांना गंभीर इजा झाली. मोठा कॅनव्हास हाताळणं, रोलर दाबून फिरवणं ही अंगमेहनत आहे. ती काही वर्षं जमली नाही. त्या काळात त्यांनी कागदावर शाईची रेखाटनं केली. ही जरूर बघा. रंगाचे थर नाहीत, पोत नाही, कागदाचा पांढरेपणा आणि काळ्या खुणा एवढंच. त्यांची रचना उघड्यावर आणून ठेवल्यासारखी आहे: खुणांमधलं अंतर, वजन, कलणं, सावरणं. मोठी तैलचित्रं अवघड वाटणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. पुढे ते तैलरंगाकडे परतले. अखेरच्या काही वर्षांत मात्र कॅनव्हास जवळजवळ थांबला. चित्रं मनात चालू आहेत, असं ते सांगत.

चित्रांना नावं का नाहीत?

नाव दिलं की बघणारा नाव शोधतो. काही जुन्या चित्रांना नुसते क्रमांक आहेत, बाकी अशीर्षक.

कोट्यवधींचा भाव कशासाठी?

२०१३ साली मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटी रुपयांना गेलं, २०२५ मध्ये दुसरं एक ६७.०८ कोटींना. थोडी चित्रं, वाढती मागणी, आणि मधल्या काळात २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात झालेलं मोठं प्रदर्शन. चित्र कसं घडलं याच्याशी या आकड्यांचा काडीचा संबंध नाही, म्हणून इथेच सोडतो.

प्रभाकर कोलते, प्रभाकर बरवे या मराठी चित्रकारांचीही रीत अशीच का?

नाही, आणि हा फरक बघण्यात खरी मजा आहे. कोलत्यांवरही क्लेचा प्रभाव, तेही थर देतात. पण ते वरचा थर बहुधा दाट ठेवतात आणि त्यात झरोके उघडे ठेवून खालचे लखलखते रंग दाखवतात. झाकणं आणि उघडणं ही त्यांची क्रिया ठसठशीत असते. गायतोंड्यांकडे सगळंच अर्धवट झाकलेलं असतं. बरव्यांनी तर वस्तू सोडल्याच नाहीत: पान, घड्याळ, ढग, पेन्सिल. इनॅमल रंगांतल्या त्या सपाट वस्तू मोकळ्या अवकाशात अशा अंतरावर ठेवलेल्या असतात, की वस्तूंपेक्षा अंतरच जास्त बोलतं. अंतर हा तिघांचाही विषय, पण वाटा तीन.

मला घरी करून बघायचंय. कुठून सुरू करू?

तैलरंग आणायची घाई नको. जुन्या लघुचित्राची चांगली छपाई घ्या, वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि आकृती सोडून फक्त मोठी रंगक्षेत्रं आखा. अशी पाच-सहा चित्रं झाली की प्रमाण डोळ्यात बसू लागतं. नंतर गुळगुळीत पुठ्ठ्यावर एकाच रंगाच्या तीन छटा, छोटा रोलर आणि फाटके वर्तमानपत्राचे तुकडे एवढ्यावर काम करा. ॲक्रिलिक चटकन वाळतं, त्यामुळे कागद लगेच उचलावा लागतो. रंगाचं वाळणं लांबवणारं माध्यम थोडं मिसळलं तर वेळ मिळतो. तैलरंगाकडे वळलात तर एक जुना नियम पाळा: खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. उलट केलं तर पुढे तडे जातात. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या ठेवा.

प्रत्यक्ष चित्रं कुठे बघायला मिळतील?

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. मुंबई-दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांकडे आहेत, दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयाकडे आहेत, न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कला संग्रहालयाकडेही आहेत. होमी भाभांनी उभ्या केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहातही आहेत, पण ती संशोधन संस्था आहे, सरळ आत जाता येत नाही. आधी विचारून घ्या. संग्रहालयांतही मांडणी बदलत असते, त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून चित्र भिंतीवर आहे की गोदामात, हे विचारलेलं बरं. गेलात तर समोरून बघून झाल्यावर बाजूला सरका आणि तिरक्या उजेडात पृष्ठभाग बघा. रोलरची कड, नाइफचा उंचवटा, कागदाची फाटकी हद्द, सगळं तिथून दिसतं. हात तेवढा लावू नका.